शॉक देताना मदत करणाऱ्याला करंट बसू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिदक्षता विभागात नर्स म्हणून बरीच वर्षं काम केलं. आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तरुण मंडळं, तालमी, बचत गट आणि शाळांमध्ये छाती कशी दाबायची आणि एईडी यंत्र (हृदयाची लय तपासून, छातीला चिकटवलेल्या दोन पॅडमधून विजेचा शॉक देणारं यंत्र) कसं वापरायचं ते शिकवते. शिबिर संपलं की व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात आणि फिरून फिरून एकाच भीतीवर येतात: मदतीला गेलो आणि आपल्यालाच करंट बसला तर? ही भीती खोटी नाही, पण ती नको तिथे हात अडवते आणि हवी तिथे वाटतच नाही. हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाला काहीच मदत मिळाली नाही, तर दर मिनिटाला त्याची वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. म्हणून एकेका प्रश्नाचं उत्तर इथे लिहून ठेवते आहे.

१. सिस्टर, शॉक देताना आपल्याला पण करंट बसतोय काय?

शॉक सुटतो त्या क्षणी पेशंटला तुमचा हात लागलेला असेल तर बसू शकतो. लागलेला नसेल तर बसत नाही.

तो क्षण अगदी लहान असतो, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्याच्या आधी आणि नंतर पेशंटच्या अंगात करंट नसतो, चिकटवलेल्या पॅडमधूनही तो वाहत नसतो. चुकून हात लागलेल्या लोकांच्या ज्या नोंदी आहेत, त्यांत बहुतेकांना झिणझिण्या आल्या, चटका बसला किंवा हात झटक्यानं मागे आला. तरीही हा शॉक हृदयाची लय बदलण्यासाठीच बनवलेला आहे. निरोगी हृदयाला तो चुकीच्या क्षणी मिळू नये, म्हणून हात लांब ठेवण्यात हयगय नको.

२. हा करंट आणि घरातला करंट एकच का? पायात चप्पल नसली तर?

एकच नाही. घरच्या विजेची एक बाजू टीसीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे फेजच्या वायरला हात लागला की करंट आपल्या अंगातून पायावाटे जमिनीत जातो. तिथे रबरी चप्पल, कोरडी फळी यांना महत्त्व आहे.

एईडी स्वतःच्या बॅटरीवर चालतं. यंत्र आधी कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवतं आणि ती एका पॅडमधून छातीत सोडतं. तिथून तिला दुसऱ्या पॅडवाटे यंत्रात परत यायचं असतं. या वाटेत जमीन कुठेच नाही. म्हणून तुम्ही अनवाणी आहात की बूट घातलेत, फरशीवर आहात की मातीत, यानं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो छातीला, पॅडला किंवा पॅडच्या जवळ तुमचा हात असण्यानं. हात तिथे असला की मुख्य वाटेला एक फाटा फुटतो आणि थोडा करंट तुमच्यातून फिरून जातो. व्होल्टेज दीड-दोन हजारांच्या घरात असतं, त्यामुळे थोडाही पुरेसा असतो.

३. "दूर व्हा" नेमकं केव्हा आणि कसं म्हणायचं?

दोनदा. यंत्र हृदयाची लय तपासायला लागतं तेव्हा एकदा आणि शॉकचं बटण दाबायच्या आधी पुन्हा. तपासणीच्या वेळी करंट नसतो. तेव्हा हात काढायचा कारण आपल्या हालचालीनं यंत्राची वाचनात गफलत होते. शॉकच्या वेळी हात काढायचा तो आपल्यासाठी.

नुसतं म्हणून भागत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. मी शिबिरात डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवायला लावते: डोकं धरलेला कोण, हात हातात घेतलेला कोण, पायाशी टेकलेला कोण, आणि शेवटी आपलाच गुडघा. बटण दाबणाऱ्याचा गुडघा पेशंटच्या कुशीला टेकलेला असतो आणि त्याचं भान नेमकं त्यालाच नसतं. कोण लांब आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट बटणावर जायचं नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट करावी लागते. गर्दीत निम्मे मराठी, निम्मे कन्नड, एखादा उर्दू बोलणारा. यंत्र बोलतं ते बहुतेक वेळा इंग्रजीत. म्हणून दोन्ही भाषांत ओरडा: "दूर व्हा, कोणी हात लावू नका!" आणि लगेच "दूर सरीरी, यारू मुट्टब्याड्री!" दोन्ही हात आडवे पसरून ओरडलात तर भाषा न कळणाराही मागे सरकतो. ही चार वाक्यं म्हणायला तीन सेकंद लागतात. यापेक्षा जास्त वेळ थांबू नका, कारण छाती दाबणं बंद असलेला प्रत्येक सेकंद पेशंटच्या खात्यातून जातो.

४. शॉक दिल्यावर किती वेळानं हात लावायचा?

लगेच. अंगात करंट उरत नाही. हात थंड आहेत का, शुद्ध आली का हे बघत बसू नका. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल अशी दाबायला सुरुवात करा. २ मिनिटांनी यंत्र पुन्हा सांगेल, तेव्हा प्रश्न ३ प्रमाणे हात काढा.

५. हातमोजे घातले तर शॉकच्या वेळीही छाती दाबत राहता येईल ना?

नाही. दवाखान्यातले पातळ मोजे रक्त-लाळेपासून वाचवण्यासाठी असतात, विजेसाठी नाहीत. दहा मिनिटं छाती दाबली की ते आतून घामानं भिजतात, ताणून पातळ होतात आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. अशा मोज्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. शॉकच्या व्होल्टेजला बरेच मोजे टिकले नाहीत. लाईनमनचे जाड रबरी मोजे वेगळे, पण ते ऐन वेळी कोणाच्या खिशात नसतात आणि जुना मोजा कुठे तडकलाय हे कोणी तपासलेलं नसतं.

काही डॉक्टर तुम्हाला सांगतील की जुन्या प्रयोगांत मोजे घालून हात ठेवणाऱ्यांमधून फारच थोडा करंट गेला. तसे प्रयोग झाले आहेत. पण ते चांगले चिकटलेले पॅड, कोरडी त्वचा आणि तयारीची माणसं घेऊन. रस्त्यावरच्या गोंधळात त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. मोजे जरूर घाला, फक्त ते घातलेत म्हणून हात ठेवू नका.

६. खानापूरच्या पावसात माणूस चिखलात पडला असेल तर?

साचलेल्या पाण्यातून त्याला ओढून बाहेर काढा. छत्री, ताडपत्री, इरलं, जे असेल ते वर धरा आणि छाती खसखसून पुसा. टॉवेल नसेल तर शर्ट काढून पुसा. छातीवर दोन पॅडच्या मधे पाण्याचा ओघळ राहिला तर करंट त्वचेवरूनच पळतो आणि हृदयापर्यंत कमी पोचतो. ओल्या त्वचेवर पॅड नीट चिकटतही नाही. म्हणजे पाण्याचा पहिला तोटा पेशंटला आहे.

जमीन ओली असली, पाऊस भुरभुरत असला तरी शॉक देता येतो. कारण प्रश्न २ मध्ये आहे. तुम्ही आणि पेशंट एकाच डबक्यात असाल तर मात्र आधी डबक्यातून बाहेर या.

हीच गोष्ट तालमीतल्या पैलवानाची. अंगाला तेल, घाम आणि वर लाल माती. येळ्ळूरच्या मैदानात उतरलेल्या पैलवानाच्या छातीवर पॅड तसाच लावला तर तो सुटून येणार. कापडानं माती आणि तेल पुसून काढा, मग पॅड लावून कडेनं हातानं दाबत जा. कड उचललेली राहिली तर तिथे ठिणगी पडू शकते आणि पेशंटची कातडी भाजते. छातीवर दाट केस असतील तर यंत्राच्या पिशवीतल्या रेझरनं पॅडपुरतीच जागा साफ करा.

७. लोखंडी कॉट, पत्र्याची स्ट्रेचर, बसची फरशी, ट्रॅक्टरची ट्रॉली: यावर शॉक देता येतो का?

येतो. अट एकच: पॅड लोखंडाला टेकता कामा नये. डाव्या काखेखालचा पॅड कॉटच्या कडेला लागतो, तो आधी बघा. आणि तुम्ही कॉटला टेकून उभे राहू नका. चालत्या गाडीत मात्र हादऱ्यांमुळे यंत्राला लय नीट वाचता येत नाही, म्हणून गाडी बाजूला घेऊन थांबवा.

८. मंगळसूत्र, चेन, बांगड्या काढायच्या का? त्यातून आपल्याला करंट येईल का?

काढत बसू नका. दागिना पॅडच्या खाली येणार नाही इतका बाजूला सरकवा. त्यातून तुमच्यापर्यंत करंट येत नाही. फक्त पॅडखाली अडकला तर पेशंटला चटका बसतो. औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर ती सोलून काढा आणि जागा पुसा.

बायकांच्या बाबतीत लोक कचरतात. पॅड उघड्या कातडीवरच लागतात, त्यामुळे ब्लाऊज, ब्रा कापावे लागतात. सोबतच्या दोघी-तिघींना साडीचा किंवा ओढणीचा आडोसा धरायला सांगा, आडोसा हातभर लांब ठेवून. आडोसा धरणाऱ्या वाकून पेशंटला टेकतात, तेव्हा "दूर व्हा" त्यांनाही सांगा.

९. नातेवाईक सोडतच नाहीत, तेव्हा काय करायचं?

मला सर्वात जास्त काळजी यांचीच वाटते. आई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली असते, बायको हात धरून. रागावून ओढू नका. एका माणसाला एवढंच काम द्या: त्यांच्या मागे बसायचं, दोन्ही खांदे धरायचे आणि "काकू, दोन मिनिटं मागे या, ह्याला औषध द्यायचंय" असं म्हणत मागे घ्यायचं. शॉक झाला की छाती दाबणारे कामाला लागतात, तेव्हा काकूंना पायाशी बसू द्या. पुढच्या वेळी त्या स्वतःहून मागे सरकतात.

१०. करंट बसूनच पडलेल्याला हात लावला तर? टीसीजवळ, मोटरपाशी, मांडवात?

मदत करणारे दगावतात ते इथे, एईडीनं नाही. आमच्याकडे एईडीच्या बटणाला घाबरणारा तरुण तारेला चिकटलेल्या भावाला ओढायला मात्र क्षणाचाही विचार न करता धावतो. एकामागून एक चिकटत जातात.

माणूस अजून वायरला, मोटरला किंवा लोखंडी खांबाला लागलेला असेल तर आधी वीज तोडा. स्टार्टरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, मेन स्विच खाली करा, फ्यूज काढा. "लाईट गेलीय" यावर विसंबू नका. शेताची थ्री फेज ठरावीक तासांनी येते-जाते आणि तुम्ही पाणी तुडवत पोचेपर्यंत ती परत आलेली असते. गणपतीच्या मांडवात जनरेटर आणि हेस्कॉमची (आमच्याकडच्या वीज कंपनीची) लाईन दोन्ही असतात. एक बंद केली तरी दुसरी चालू राहते, तेव्हा दोन्ही तोडा. घरच्या व्होल्टेजला, मेन सापडतच नसेल तर, कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं वायर बाजूला करणं हा शेवटचा उपाय.

वरची हाय टेन्शन तार तुटून पडली असेल तर काठीही नको. निदान १० मीटर लांब राहा, लोकांनाही रोखा, हेस्कॉमला १९१२ वर फोन करा आणि लाईन बंद झाल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत पुढे जाऊ नका. तारेभोवतीच्या जमिनीतही करंट पसरलेला असतो. चुकून आत गेलाच असाल तर मोठी पावलं न टाकता पाय घासत बाहेर या.

वीज तुटली की मग त्या माणसाच्या अंगात करंट "साठून" राहत नाही. बिनधास्त हात लावा. त्याला मातीत, वाळूत पुरू नका. त्यात मिनिटं जातात आणि छाती दाबता येत नाही. १०८ ला फोन करा, दाबायला सुरुवात करा, एईडी मागवा. करंटनं पडलेल्याचं हृदय बऱ्याचदा बंद नसतं, थरथरत असतं, आणि ती थरथर शॉकनंच थांबते. छाती दाबण्याच्या शोधाची सुरुवातच तिथून झाली. लाईनमनचे मृत्यू थांबवायचे म्हणून अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले. त्या कामात गुंतलेले जॉन्स हॉपकिन्सचे अभियंता विल्यम कौवेनहोवन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये बाहेरून छाती दाबण्याची पद्धत जगापुढे मांडली.

११. आकाशातली वीज पडलेल्याला?

त्याच्या अंगातही करंट राहत नाही. धोका दुसरी वीज पडण्याचा आहे. म्हणून झाडाखालून, उघड्या माळावरून त्याला आडोशाला घ्या. बाकी प्रश्न १० चा शेवटचा परिच्छेद.

१२. तोंडाला ऑक्सिजन लावलेला असेल तर?

शॉकच्या आधी मास्क आणि नाकातली नळी काढून छातीपासून निदान १ मीटर लांब ठेवा. चालू मास्क छातीवर किंवा उशीवर टाकून शॉक दिला आणि पॅडच्या कडेला ठिणगी पडली तर कपड्यांना आग लागते. अशा आगी झालेल्या आहेत. घसा-श्वासनलिकेत नळी टाकून ती व्हेंटिलेटरला किंवा हातानं दाबून श्वास द्यायच्या फुग्याला घट्ट जोडलेली असेल तर ती तशीच राहू शकते. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

१३. आम्ही लहान दवाखान्यात नर्स आहोत. आमच्याकडे पॅड नाहीत, हातात धरायचे पॅडल आहेत. काय जपायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या हातानं मिळालं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. रात्रपाळी, पेशंट घामानं निथळलेला, आणि मी घाईत, करंट नीट जावा म्हणून पॅडलवर लावतात त्या जेलची ट्यूब दाबली. जेल पॅडलवर पडलं तसं माझ्या अंगठ्यावरून मुठीपर्यंत ओघळलं. पुसायला थांबले नाही. दोन्ही पॅडल छातीवर दाबून बटणं दाबली, तर उजव्या मनगटातून कोपरापर्यंत कोणी हातोडीनं टिचकी मारावी तसं झालं आणि पॅडल हातून सुटलं. मला काही इजा झाली नाही, पण पेशंटचा तो शॉक वाया गेला आणि पुन्हा चार्ज करण्यात वेळ गेला. ते मला आजही बोचतं.

म्हणून: जेल फक्त पॅडलच्या पत्र्यावर, मुठीवर कधीच नाही. दोन पॅडलवरचं जेल छातीवर पसरून एकमेकांना मिळता कामा नये. पॅडल एकमेकांवर घासून जेल पसरवू नका. चार्ज करायचं ते पॅडल छातीवर टेकवल्यावर किंवा यंत्राच्या खोबणीत असताना. चार्ज झालेली पॅडल हवेत धरून कॉटभर फिरवू नका, कोणाच्या हातात देऊ नका. शॉक नको असं ठरलं तर हवेत सोडू नका. यंत्रावर तो रद्द करायची सोय असते, ऊर्जा आतल्या आत विरते. आपल्या यंत्रात ती कुठे आहे हे ड्यूटी सुरू होतानाच बघून ठेवा.

दवाखान्याला माझी विनंती आहे की चिकटणारे पॅड घ्या. ते लावले की हात दूर राहतो, आणि यंत्र चार्ज होईपर्यंत छाती दाबत राहता येते. मग सगळे मागे, शॉक, पुन्हा दाबणं: हा खंड ५ सेकंदांच्या आत बसवता येतो.

१४. पेशंटच्या छातीत पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर?

कॉलरच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा दिसतो. पॅड त्यापासून ८ सेंटिमीटर लांब लावा. आतलं यंत्र शॉक देणारं असेल तर तुम्ही छाती दाबत असताना ते स्वतःहून शॉक सोडू शकतं. तेव्हा हाताला हलकी टिचकी जाणवते. ही ऊर्जा बाहेरच्या यंत्रापेक्षा खूप कमी असते, म्हणून दाबणं थांबवू नका. इथे मात्र हातमोज्यांचा उपयोग होतो. प्रश्न ५ च्या विरुद्ध वाटेल, पण दोन शॉक वेगळे आहेत.

१५. काही एईडींना शॉकचं बटणच नसतं म्हणे?

हो, पूर्ण स्वयंचलित यंत्रं स्वतःच शॉक सोडतात. आधी ती बोलून सांगतात आणि उलटी मोजणी करतात. पिशवी उघडल्यावर बटण आहे का, ते पहिल्यांदा बघा. नसेल तर यंत्रानं "शॉक" म्हटल्याबरोबर प्रश्न ३ मधली आरोळी द्या. बटण असो वा नसो, शॉकची गरज नसलेल्या लयीला एईडी शॉक सोडू देत नाही. त्यामुळे "जिवंत माणसाला चुकून दिला तर" ही काळजी नको.

१६. मग शिबिरात एकमेकांवर पॅड लावून सराव करू का?

नाही. खरं यंत्र कधीच जिवंत, धडधाकट माणसावर लावायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. सरावाचं यंत्र वेगळं असतं, त्यात शॉक नसतो. आणि सराव रबरी पुतळ्यावर.

१७. एवढं सांगूनही कोणाला शॉक लागलाच तर?

त्याला बाजूला बसवा, पण पेशंटची छाती दाबणं थांबवू नका. तो बोलतोय, बरा आहे, तरी त्याच दिवशी ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा. छातीत धडधड, चक्कर, हाताला भाजल्याची खूण, बधिरपणा असेल तर लगेच. गरोदर बाई असेल तर काही वाटत नसलं तरी दाखवाच. तो कोसळला आणि श्वास घेत नसेल तर तो दुसरा पेशंट: १०८ ला दोन पेशंट सांगा.

१८. बंद पडलेलं डिफिब्रिलेटर (शॉक द्यायचं यंत्र) बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घेतलं तर चालेल?

उद्यमबागेत लेथपासून पंपापर्यंत सगळं दुरुस्त होतं, हे मला माहीत आहे आणि त्या हातांचा मला अभिमान आहे. पण हे यंत्र नको. त्यातला कपॅसिटर यंत्र बंद केल्यावर, बॅटरी काढल्यावरही चार्ज धरून ठेवू शकतो. प्रश्न २ मध्ये मुख्य वाटेला फुटलेला थोडाच करंट अंगातून जातो. इथे दोन्ही हातांनी कव्हर उघडणाऱ्याच्या एका हातातून दुसऱ्या हातात, छातीच्या मधूनच जाईल, आणि त्याला शॉक द्यायचं यंत्र तेव्हा टेबलावर उघडं पडलेलं असेल. बिघडलेल्या यंत्रावर मोठ्या अक्षरांत "बंद, उघडू नये" असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून चिकटवा, ते वॉर्डातून हलवा आणि कंपनीच्या बायोमेडिकल इंजिनिअरला बोलवा.